डागडुजीचे देणे

काही वर्षांपूर्वी उज्जयिनीच्या माधव नगरातील एक गृहस्थ ज्येष्ठाच्या अखेरीस माझ्याकडे आले. त्यांचे घर मोडकळीस आले असून त्याची दुरुस्ती करावी, अशी नोटीस त्यांना मिळाली होती. पाहणी करणाऱ्याने सज्जाखालच्या तुळईला गेलेला तडा नोंदवून ती तातडीने बदलण्यास सुचविले होते. गृहस्थ म्हणाले, “वकीलसाहेब, असे उत्तर लिहून द्या, की दोन पावसाळे सहज निघतील.” मी तसे उत्तर लिहून दिले. माझ्या फीत निदान तुळईला टेकू देता आला असता, हे मला पुढे सुचले. श्रावणात सज्जा कोसळला. सुदैवाने खाली कोणी नव्हते. तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. दोष कळल्यावरही माणूस दुरुस्ती का टाळतो?

या प्रश्नाचे जुने उदाहरण त्याच शहरात उभे आहे. जयपूरचे सवाई जयसिंह माळव्याचे सुभेदार असताना, 1730च्या सुमारास, त्यांनी क्षिप्रेच्या काठी वेधशाळा बांधली. पुढे माळवा मराठ्यांकडे आला आणि उज्जयिनी शिंद्यांची राजधानी झाली. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, ही गोष्ट आपल्याकडील सारस्वत मंडळी अभिमानाने सांगतात. वेधशाळेला मात्र असा कोणी वाली मिळाला नाही. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात विल्यम हंटर या स्कॉटिश वैद्याने तेथील यंत्रे पाहून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलविली आणि वेधशाळा पडत गेली. 1918 मध्ये जी. आर. के यांनी जयसिंहांच्या वेधशाळांवर लिहिलेला ग्रंथ पुरातत्त्व खात्याने छापला. त्यातही उज्जयिनीच्या यंत्रांची नोंद आहे. अखेर 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी त्यांची दुरुस्ती करविली आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या ज्योतिर्विदाच्या देखरेखीखाली तेथे पुन्हा वेध घेतले जाऊ लागले. हंटरच्या वर्णनापासून गवंड्याच्या थापीपर्यंत सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. ज्यांना यंत्रांची स्थिती ठाऊक होती त्यांच्या हाती खजिना नव्हता. ज्यांच्या हाती खजिना होता त्यांचे लक्ष दुसरीकडे होते.

सामान्य माणसाच्या घरी पूर्वी असे होत नसे, कारण तेथे दुरुस्ती ही कोणी दिलेल्या सल्ल्यावर अवलंबून नव्हती; ती वर्षाच्या रहाटीतच बसलेली होती. कोकणात व गोमंतकात पाऊस तोंडावर आला की घर शाकारायचे, फुटके नळे बदलायचे, पावसाकडच्या भिंतीला झडप बांधायची. कुळागराच्या मालकापासून खोपटातल्या मजुरापर्यंत कोणी याला अपवाद नसे. आळस केला तर पहिल्याच सरीत अंथरूण भिजे. घर स्वतःच दरवर्षी मालकाला नोटीस देई, आणि तिला उत्तर लिहून देणारा वकील कोठेही मिळत नसे.

सिमेंटच्या स्लॅबने ही नोटीस बंद केली. पंचवीस-तीस वर्षे ते घर काही मागत नाही. आत मात्र ओल झिरपते, सळई गंजते, गंजलेले लोखंड मूळच्याहून अधिक जागा व्यापते आणि भोवतीचे काँक्रीट फोडते. ही खपली गिलाव्याने झाकता येते, आणि बहुधा तेच केले जाते. आपल्या डोळ्यांना न दिसणारा रोग परक्याने सांगितला की तो खरा वाटत नाही, केवळ खर्चिक वाटतो.

मुंबईत या प्रवृत्तीला कायद्याचीही साथ मिळाली. 1947च्या भाडेकायद्याने जुनी भाडी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीवर गोठविली. भाडे अपुरे म्हणून मालक हात लावीना. घर आपले नाही म्हणून भाडेकरू खर्च करीना. चाळी खचू लागल्या, तेव्हा 1969 मध्ये उपकर घेऊन दुरुस्ती करणारे मंडळ कायद्याने स्थापावे लागले. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गोठविलेल्या भाड्याच्या त्या तरतुदी आता वाजवी राहिल्या नाहीत, असे म्हटले.

पण सगळा दोष भाडेकायद्याच्या माथी मारून आपली सुटका होत नाही. 27 जून 2022च्या रात्री कुर्ल्याच्या नाईक नगरातील चार मजली इमारत कोसळून 19 माणसे गेली. महापालिकेने त्या वेळी सांगितले, की 2013 पासून नोटिसा दिल्या होत्या. मध्यंतरी खासगी तपासणीत इमारत दुरुस्तीयोग्य ठरली. दुरुस्ती मात्र झालीच नाही. मुंबईत तीस वर्षांवरील इमारतींची तपासणी कायद्याने सक्तीची आहे. म्हणजे रोग ओळखण्याची व्यवस्था आहे. परंतु तपासणीचा अहवाल हाती आला की दुरुस्तीच झाली, असे मानण्याची सवय आपणां सर्वांना लागली आहे. नोटीस देणारा कर्तव्यातून मुक्त होतो, घेणारा उत्तर देऊन मुक्त होतो, आणि तडा जेथल्या तेथे राहतो.

कायदा अधिक कडक करावा, असे म्हणणे माझ्या व्यवसायाला शोभेल. मध्य प्रदेशातील महानगरपालिकांना मोडकळीस आलेली घरे उतरविण्याचा अधिकार 1956च्या अधिनियमाने दिलेलाच आहे. उणीव अधिकाराची नसून रहाटीची आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत रंगरंगोटीवर तासभर वाद होतो; गेल्या तपासणीत सुचविलेली कोणती कामे राहिली, हा विषय त्याच सभेत पहिला घ्यावा, आणि त्यासाठी दरमहा काही रक्कम बाजूला पडावी. आपल्या आजोबांनी नळ्यांसाठी हेच केले होते.

ते गृहस्थ पुढल्या वर्षी पुन्हा आले. शेजाऱ्याच्या भिंतीबद्दल तक्रार होती. मी कागद पुढे ओढला नाही. आधी विचारले, “तुमची तुळई बदलली का?”