रिलेमागील डीएचसीपी भाडेपट्ट्याचे नूतनीकरण

डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल (डीएचसीपी) हा संगणक जाळ्यातील उपकरणांना आयपी पत्ते आपोआप वाटून देणारा संकेत आहे. या संकेतानुसार पत्ता सहसा कायमचा दिला जात नाही. तो ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने (लीज) दिला जातो आणि मुदत संपण्यापूर्वी क्लायंटला त्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. सर्व्हर आणि क्लायंट वेगवेगळ्या उपजाळ्यांत असतील, तर त्यांच्यामध्ये रिले एजंट हा मध्यस्थ नेमला जातो. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता प्रथम मिळतो तो या मध्यस्थामार्फत. नूतनीकरणाची विनंती मात्र मध्यस्थाला वगळून थेट सर्व्हरकडे जाते. रिले वापरणाऱ्या जाळ्यांतील नूतनीकरणाच्या बहुतेक अडचणींचे मूळ या फरकात आहे.

पार्श्वभूमी

डीएचसीपीची रचना १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या बूटपी (आरएफसी ९५१) या जुन्या संकेतावर आधारलेली आहे. रिलेची कल्पनाही तेथूनच आली. डीएचसीपीचे पहिले विनिर्देश ऑक्टोबर १९९३ मध्ये, तर सध्या आधारभूत मानला जाणारा आरएफसी २१३१ हा दस्तऐवज मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो अमेरिकेतील बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांनी लिहिला. सर्व्हर यूडीपीच्या ६७ क्रमांकाच्या आणि क्लायंट ६८ क्रमांकाच्या पोर्टवर संदेश स्वीकारतो.

रिलेमार्फत पहिला भाडेपट्टा

नव्याने जोडलेल्या उपकरणाला स्वतःचा पत्ता नसतो आणि सर्व्हरचा पत्ताही ठाऊक नसतो. त्यामुळे ते आपल्या उपजाळ्यातील सर्वांना उद्देशून (ब्रॉडकास्ट) शोधसंदेश पाठवते. राउटर असे संदेश पुढे जाऊ देत नाहीत. रिले एजंट, जो बहुधा राउटरमध्ये किंवा तिसऱ्या स्तरावरील स्विचमध्येच असतो, हा संदेश उचलतो, त्यातील 'जीआयॲडर' या रकान्यात आपला पत्ता भरतो आणि तो सर्व्हरकडे धाडतो. या पत्त्यावरून क्लायंट कोणत्या उपजाळ्यात आहे हे सर्व्हरला कळते. त्यानुसार पत्ता निवडून तो उत्तर रिलेकडे पाठवतो. उत्तरातील ५४ क्रमांकाच्या पर्यायात सर्व्हरचा पत्ता असतो. क्लायंट तो जपून ठेवतो.

नूतनीकरणाचे टप्पे

भाडेपट्ट्याच्या मुदतीत दोन वेळा महत्त्वाच्या असतात. वेगळी सूचना नसल्यास पहिली (टी१) मुदतीच्या ५० टक्क्यांवर आणि दुसरी (टी२) ८७.५ टक्क्यांवर येते. उदाहरणादाखल, एखाद्या संस्थेचा डीएचसीपी सर्व्हर मानखुर्द येथील मुख्य इमारतीत आणि वसतिगृह मुलुंड येथे आहे, वसतिगृहातील राउटर रिलेचे काम करतो आणि तेथील एका संगणकाला सकाळी ९ वाजता ८ तासांचा भाडेपट्टा मिळाला आहे, असे मानल्यास क्रम पुढीलप्रमाणे असतो:

• दुपारी १ (टी१): संगणक नूतनीकरणाच्या अवस्थेत जातो. तो मानखुर्दच्या सर्व्हरला उद्देशून थेट (युनिकास्ट) विनंती पाठवतो. विनंतीतील 'सीआयॲडर' या रकान्यात त्याचा चालू पत्ता असतो, तर 'जीआयॲडर' शून्य असतो. मुलुंडचा राउटर हे पॅकेट इतर कोणत्याही पॅकेटप्रमाणे पुढे पाठवतो. रिले म्हणून त्याला हात लावत नाही. सर्व्हरने होकार दिल्यास मुदत पुन्हा नव्याने सुरू होते.

• उत्तर न आल्यास: विनिर्देशानुसार संगणक टी२ पर्यंतच्या उरलेल्या वेळेचा अर्धा भाग थांबून, म्हणजे २.३० वाजता, पुन्हा विनंती करतो. त्यानंतरची विनंती ३.१५ वाजता होते. हे अंतर निम्म्यानिम्म्याने कमी होत किमान ६० सेकंदांपर्यंत येते.

• दुपारी ४ (टी२): संगणक पुनर्बंधनाच्या अवस्थेत जातो आणि विनंती सर्वांना उद्देशून पाठवतो. ती आता रिलेच्या हाती लागते व सर्व्हरपर्यंत पोहोचते.

• सायंकाळी ५: तोवर होकार न मिळाल्यास संगणकाला पत्त्याचा वापर तत्काळ थांबवावा लागतो. त्या पत्त्यावर चालू असलेल्या जोडण्या तुटतात.

सर्व्हरवरील हाताळणी

नूतनीकरणाच्या विनंतीत 'जीआयॲडर' नसल्यामुळे सर्व्हरला उपजाळे ओळखण्यासाठी 'सीआयॲडर'वर विसंबावे लागते, आणि उत्तरही त्याच पत्त्यावर पाठवावे लागते. त्यासाठी सर्व्हरकडे रिलेपर्यंतचा मार्ग असून भागत नाही. क्लायंटच्या उपजाळ्यापर्यंतचा मार्गही असावा लागतो. रिलेचा ज्या बाजूचा पत्ता 'जीआयॲडर'मध्ये येतो तो क्लायंटच्याच उपजाळ्यातील असेल, तर ही अट आपोआप पूर्ण होते.

नकाराची हाताळणी अधिक नाजूक आहे. आरएफसी २१३१ नुसार 'जीआयॲडर' शून्य असताना सर्व्हर नकाराचा संदेश सर्वांना उद्देशून पाठवतो. हा संदेश सर्व्हरच्या स्वतःच्या उपजाळ्याबाहेर जात नाही. वरील उदाहरणात व्यवस्थापकाने दुपारी १२ वाजता वसतिगृहाची पत्त्यांची मांडणी बदलली असेल, तर १ वाजता दिलेला नकार मानखुर्दमध्येच विरतो. मुलुंडच्या संगणकाला तो ४ वाजता, रिलेमार्फत विनंती गेल्यावरच समजतो. म्हणूनच पत्त्यांची मांडणी बदलण्यापूर्वी भाडेपट्ट्याची मुदत काही काळ आधीपासून कमी करून ठेवण्याची पद्धत आहे.

सामान्य अडचणी

फायरवॉल: सर्व्हरपुढील फायरवॉलमध्ये केवळ रिलेच्या पत्त्यांना परवानगी असेल, तर पहिला भाडेपट्टा सुरळीत मिळतो, नूतनीकरणाच्या थेट विनंत्या मात्र अडवल्या जातात. पुनर्बंधन रिलेमार्फत होत असल्यामुळे पत्ता टिकून राहतो आणि दोष दीर्घकाळ लक्षात येत नाही. क्लायंटच्या नोंदीत नूतनीकरण दरवेळी मुदतीच्या ८७.५ टक्क्यांनंतरच होताना दिसणे, ही या दोषाची ओळख आहे. क्लायंटच्या उपजाळ्यांतून सर्व्हरच्या ६७ क्रमांकाच्या पोर्टकडे येणाऱ्या विनंत्यांना आणि त्यांच्या उत्तरांना परवानगी देणे हा त्यावरील उपाय आहे.

पर्याय ८२: जानेवारी २००१ मधील आरएफसी ३०४६ नुसार रिले आपल्याकडील माहिती, उदाहरणार्थ क्लायंट स्विचच्या कोणत्या पोर्टवर आहे, ८२ क्रमांकाच्या पर्यायात जोडू शकतो. थेट नूतनीकरणात रिलेचा सहभाग नसल्याने ही माहिती सर्व्हरला मिळत नाही. तिच्या आधारे पत्ता ठरवणारा सर्व्हर त्याच क्लायंटला नूतनीकरणाच्या वेळी वेगळ्या वर्गात टाकण्याचा संभव असतो. इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियमच्या डीएचसीपी सर्व्हरमध्ये पहिल्या विनंतीतील ही माहिती भाडेपट्ट्यासोबत साठवून नूतनीकरणाच्या वेळी वापरण्याची सोय होती.

सर्व्हर-ओळख बदलणे: फेब्रुवारी २००८ मधील आरएफसी ५१०७ ने वेगळा मार्ग सुचवला. यात रिले, ५४ क्रमांकाच्या पर्यायात सर्व्हरऐवजी आपला पत्ता घालण्यास सांगतो. क्लायंट मग रिलेलाच सर्व्हर समजून नूतनीकरणाची विनंती त्याच्याकडे पाठवतो, आणि रिले 'जीआयॲडर' व पर्याय ८२ भरून ती पुढे देतो. क्लायंटमध्ये कोणताही बदल करावा लागत नाही. सर्व्हर आणि रिले या दोघांनी मात्र ही सोय ओळखली पाहिजे.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत

डीएचसीपीव्ही६ मध्ये (आरएफसी ३३१५, २००३, सुधारित आरएफसी ८४१५, २०१८) ही विषमता मुळातच टाळलेली आहे. तेथे नूतनीकरणाची विनंतीदेखील एरवी समूह-पत्त्यावरच (मल्टिकास्ट) जाते आणि रिले ती आपल्या संदेशात गुंडाळून सर्व्हरकडे पोहोचवतो. सर्व्हरने स्पष्ट मुभा दिली असेल तरच क्लायंटला थेट विनंती करता येते. त्यामुळे पहिल्या विनंतीत सर्व्हरला रिलेकडून जी माहिती मिळते, ती नूतनीकरणाच्या वेळीही उपलब्ध राहते.