दोर कोणी तपासला?

लोधिवलीच्या रस्त्याकडेला उभे राहा. पहाटेचं दव अजून गवतावर आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून ट्रक धडधडत चाललेत. पाताळगंगेच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये पहिल्या पाळीची माणसं चढताहेत, कोणाच्या मांडीवर डबा, कोणाच्या हेल्मेट. आता डोळे मिटा आणि चपला इथेच काढून ठेवा. तुम्ही निघालात तिथे पायात काही नसतं.

उघडा डोळे. 1861 चा जानेवारी आहे. ट्रक विरले आणि बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजू लागली. ओळखीचा म्हणावा असा इर्शाळगडाचा सुळका तेवढा जागेवर आहे. गाडीवान हात देतो आणि तुम्ही पेंढ्यावर चढून बसता. खोपोली मागे टाकून बोरघाटाच्या पायथ्याशी पोचता, तेव्हा आधी नाकाला कळतं की गाव जवळ आलं: गोवऱ्यांचा धूर, करपलेली भाकरी, बैलांचं शेण आणि या सगळ्यावर बसलेला बंदुकीच्या दारूचा उग्र वास.

पण हे गाव नव्हे. कारवीच्या कुडाच्या आणि गवताच्या झोपड्या डोंगराच्या अंगाखांद्यावर चिकटल्यात. घाटात रेल्वेमार्गाच्या कामाला बेचाळीस हजारांवर माणसं आहेत. घाटावरची, कोकणातली, आसपासच्या वाड्यांमधली. पाणी मात्र लांबून डोक्यावर येतं. मागच्या हंगामात पटकीने झोपड्याच्या झोपड्या रिकाम्या केल्या. म्हणून वाटेवरच्या शेंदूर फासलेल्या दगडापुढे नारळांच्या करवंट्यांचा ढीग दिसतो. इथे आरोग्याचा बंदोबस्त म्हणजे जरीमरीला बोललेला नवस.

मुकादम वही उघडतो. "नाव? गाव? उचल किती?" सही येत नसेल तर तुमच्या नावापुढे तो नांगराची निशाणी काढतो. उचल घेतलीत की तुम्ही वहीत आलात. कोऱ्या दोराचा, घामाचा आणि काजळीचा वास त्याच्या धोतराला चिकटलेला आहे.

मग तुम्हाला कड्यावर नेतात.

खाली बघू नका. बघितलंतच ना? झाडांचे शेंडे हरभऱ्याच्या जुडीएवढे दिसताहेत. कमरेला दोराचा फास पडतो आणि वर चार जण दुसरं टोक धरून मागे रेलतात. पाय कड्याला टेकवत तुम्ही खाली सरकता. पाय ठेवायला जागा नसलेल्या या कातळात सुरुंगाची पहिली भोकं पाडायला माणूस असाच सोडतात. बारापर्यंत काळा दगड तव्यासारखा तापतो. पोटरीला भाजतं, दोर बरगड्यांत रुततो, पहारेचा प्रत्येक ठोका दातांत घुमतो. तोंडात दगडाची पूड येते. थुंकावं तर थुंकीच उरलेली नाही.

भोकात दारू ठासली, बत्ती लावली. "ओढा!" वर पोचेपर्यंत जीव मुठीत. मग धडाड्‌धूम! डोंगर छातीतून फुटल्यासारखा वाटतो आणि वरून चिपांचा पाऊस पडतो. आडोसा म्हणजे तुमचेच दोन हात.

पलीकडे बोगद्यात दिव्यांची तेलकट काजळी आणि दारूचा धूर इतका दाट की शेजारचा माणूस खोकल्यावरून ओळखावा. असे पंचवीस बोगदे पाडायचे आहेत. तोंडाशी बायका दगडांच्या पाट्या वाहताहेत. एकीने लुगड्याची झोळी झाडाला बांधून तान्ह्याला निजवलंय. सुरुंग झाला की आधी तिची मान त्या झाडाकडे वळते.

दुपारी शेजारच्या कड्यावर एक दोर एकदम हलका होतो.

ओरडणं ऐकू येत नाही. दोर धरणारे चौघे मागे कोसळतात आणि हातातल्या तुटक्या टोकाकडे बघत राहतात. दगडाच्या धारेवर घासून घासून तो विरला होता. तुम्हाला विचारावंसं वाटतं, सकाळी हा दोर कोणी तपासला होता? पण विचारणार कोणाला? मुकादम वही काढतो, उचल किती फिटायची राहिली ते बघतो आणि पान उलटतो. थोड्या वेळाने नवा माणूस दोराशी उभा असतो. तुमच्या कमरेचा फास अचानक जड वाटू लागतो.

घाटाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आले आणि काही दिवसांतच वारले. पुढे त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट निभावलं. ही नावं कागदावर राहिली. कायदाही आहे: 1860 मध्ये मजूर-मालकांचे मजुरीचे तंटे चटकन निकाली काढण्यासाठी झालेला. काम अर्धवट टाकून गेलात तर त्यात शिक्षा आहे. दोर तुटला तर काय, याबद्दल त्यात अक्षर नाही. साहेबांच्या देशात 1833 पासून कारखान्यांवर निरीक्षक फिरत होते. या कड्यावर त्यांच्यापैकी कोणी पोचला नाही.

चला, परत चला. चपला तिथेच आहेत.

लोधिवलीच्या रस्त्यावर बस अजून उभी आहे. तुम्ही दोन पावलं टाकलीत, पण मधल्या काळात कायद्याला फार लांब चालावं लागलं. 1881 मध्ये कारखान्यांचा पहिला कायदा आला, पण तो गिरण्यांसारख्या मोठ्या कारखान्यांपुरता. 1948 च्या कायद्याने आणखी एक वही उघडायला लावली: अपघातात माणूस दगावला किंवा अठ्ठेचाळीस तास कामावर येऊ शकला नाही, तर निरीक्षकाला कळवा. पूल, बोगदे, इमारती बांधणाऱ्यांसाठी वेगळा कायदा व्हायला 1996 उजाडलं. 2020 च्या कामगार-सुरक्षेच्या संहितेत हे सगळं एकत्र ओवलं गेलं.

पण वही कोरी ठेवणारा मुकादम कुठल्याही काळात भेटतो. म्हणून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा निरीक्षक फाटकातून आत शिरून टाकीवर चढणाऱ्याचा पट्टा हाताने ओढून बघतो, तेव्हाच कागदावरचा कायदा खरा होतो. तो येत नाही त्या दिवशी कलम फक्त छापलेलं असतं.

बसच्या पायरीवर एक पोरगा शेजाऱ्याला विचारतोय, "आज उंचीवरचं काम आहे, परमिट काढलं का? पट्टा कोणी तपासला?"

तुमच्या बरगड्यांवर काथ्याचा वळ अजून हुळहुळतोय. त्या कड्यावर हा प्रश्न तुमच्या ओठांवर आला होता, पण विचारायला कोणी नव्हतं. आज शेजारचा माणूस उत्तर देतो, "मी तपासला. सही केलीय."