काळा पट्टा आणि शाळामास्तर



शाळेच्या स्नेहसंमेलनात कराटेची प्रात्यक्षिके हा अलीकडे जवळजवळ ठरलेलाच कार्यक्रम झाला आहे. पांढऱ्या पोशाखातली मुले-मुली रांगेत उभी राहतात, एका आवाजात ओरडून मुठी पुढे फेकतात आणि शेवटी कमरेला काळा पट्टा बांधलेला एखादा मोठा मुलगा कौलांची चळत एका फटक्यात फोडून दाखवतो. टाळ्यांचा कडकडाट होतो. घरी परतताना धाकटा हमखास विचारतो, "अब्बा, मला काळा पट्टा कधी मिळेल?" अब्बांच्या मनात मात्र वेगळेच विचार चाललेले असतात. ही मारामारी मुलाला शिकवावी कशाला? अभ्यासाचे काय होणार? आणि दरमहा फी भरून शेवटी पदरात काय पडणार?

मुलाचा प्रश्न आणि वडिलांचे प्रश्न, दोहोंची उत्तरे कराटेच्या इतिहासात सापडतात. आज आपण पाहतो ते कराटेचे रूप शाळेच्या पटांगणात घडले, आणि ते घडविणाऱ्यांत शाळामास्तर आघाडीवर होते. या गुरुजींची आणि त्यांनी बांधलेल्या काळ्या पट्ट्याची हकीकत आपल्यासमोर मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

राज्य गेले, विद्या राहिली

जपानच्या दक्षिणेला समुद्रात ओकिनावा नावाचे एक चिंचोळे बेट आहे. पूर्वी तेथे र्‍युक्यू नावाचे छोटे राज्य होते. चीनशी त्याचा व्यापार चाले आणि व्यापाराबरोबर चिनी मुष्टिविद्याही तेथे येऊन पोहोचली. स्थानिक विद्येशी तिचा मेळ बसला आणि त्यातून कराटेचा उगम झाला. १६०९ साली जपानच्या सात्सुमा सरदारांनी हे राज्य आपल्या अंकित केले. पुढे १८७९ मध्ये जपान सरकारने राजाला गादीवरून उतरवून ओकिनावा हा आपला एक जिल्हा करून टाकला.

राज्य बुडाले की दरबारावर पोसलेली घराणी उघड्यावर पडतात, हे आपल्या देशाच्या इतिहासातही आपण पाहिले आहे. ओकिनावातही तेच घडले. कराटे जाणणारी बरीच मंडळी अशाच घराण्यांतली होती. ही विद्या तोवर चारचौघांत शिकवली जात नसे. गुरूच्या अंगणात, रात्रीच्या वेळी, एखाददुसऱ्या शिष्याला ती मिळे. या मंडळींचे वैभव गेल्यावर त्यांची विद्याही त्यांच्याबरोबर कबरीत जाणार अशी चिन्हे दिसत होती.

ती गेली नाही, याचे मोठे श्रेय आन्को इतोसु या गृहस्थांना द्यावे लागेल. १८३१ साली जन्मलेले इतोसु राजाच्या दफ्तरात लेखनिक होते. सत्तरीला आलेल्या या वृद्धाने १९०१ मध्ये शुरी गावच्या प्राथमिक शाळेत कराटेचे शिक्षण सुरू केले आणि १९०५ पासून तेथील माध्यमिक शाळेतही ते दिले जाऊ लागले. एका शिष्याला एका गुरूने शिकवायची विद्या आता पन्नास मुलांना एका रांगेत शिकवायची होती. मुलांच्या वयाला झेपतील असे पाच धडे इतोसुंनी बसवले. ठरावीक क्रमाने करावयाच्या हालचालींच्या अशा धड्याला जपानीत काता म्हणतात. 'पिनान' या नावाचे ते पाच काता जगभरच्या अनेक वर्गांत आजही पहिल्या इयत्तेप्रमाणे शिकवले जातात.

१९०८ साली इतोसुंनी शिक्षणखात्याचे लक्ष वेधण्यासाठी दहा कलमांचे एक पत्र लिहिले. त्यातला आशय आपण पालकांनी ध्यानात घेण्यासारखा आहे. ही विद्या केवळ स्वतःच्या फायद्यासाठी नाही, आपल्या माणसांच्या रक्षणासाठी आहे आणि होता होईल तो कोणाला इजा न करता वागण्यासाठी आहे, असे ते सांगतात. रोज तासदोन तास मेहनत केली तर तीनचार वर्षांत शरीरात फरक दिसतो, असेही ते म्हणतात. शेवटी ते सुचवतात की, अध्यापक विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या शिक्षकांना ही विद्या द्यावी, म्हणजे ते गावोगावच्या शाळांत ती पोहोचवतील. शिक्षक तयार केला की शाळा तयार होते आणि शाळा तयार झाली की समाज सावरतो, हा या वृद्धाचा हिशेब होता.

अर्थात या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. त्या काळच्या जपान सरकारला सैन्यासाठी धडधाकट तरुण हवे होते आणि इतोसुंच्या पत्रातही लष्कराला होणाऱ्या उपयोगाचा उल्लेख आहे. शाळेत शिकवताना विद्येतले घातक डाव मागे पडले, याची खंत काही जाणकार आजही व्यक्त करतात. परंतु ती शाळेत आली नसती, तर हळहळ करण्यापुरतीही ती उरली असती की नाही, कोण जाणे!

शेंडीचा प्रश्न

इतोसुंच्या शिष्यांपैकी गिचिन फुनाकोशी यांची हकीकत विद्यार्थ्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. त्यांचा जन्म १८६८ चा. लहानपणी ते इतके अशक्त होते की घरच्यांना त्यांच्या जगण्याचीच काळजी होती. वैद्यकीय शाळेची प्रवेशपरीक्षा ते उत्तीर्ण झाले, पण तेथे डोक्यावर जुन्या पद्धतीची शेंडी ठेवणाऱ्याला प्रवेश नव्हता. शेंडी कापणे म्हणजे घराण्याची अब्रू घालवणे, असे मानणारे त्यांचे घर होते. डॉक्टर होण्याची वाट बंद झाली. पुढे १८८८ मध्ये त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली, तेव्हा मात्र शेंडी कापावीच लागली. नव्या गणवेशात, केस कापलेला मुलगा घरी आला, तेव्हा आईवडिलांना धक्काच बसला.

जुने सोडायचे किती आणि राखायचे किती, हा पेच ज्या ज्या समाजाला पडतो त्याने या प्रसंगाचा विचार करावा. फुनाकोशींनी शेंडी सोडली; पण पूर्वजांची विद्या सोडली नाही. दिवसा शाळेत शिकवायचे आणि रात्री गुरू आझातो यांच्या अंगणात कंदिलाच्या उजेडात तोच तो काता घोटायचा, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालवला. गुरूचे समाधान होईपर्यंत पुढचा धडा मिळत नसे. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी शाळामास्तरकी केली.

१९२२ साली टोकियोत शिक्षणखात्याने भरवलेल्या शारीरिक शिक्षणाच्या प्रदर्शनात कराटे दाखविण्यासाठी ते गेले. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्नचौपन्न होते. थोड्या दिवसांनी परतायचे म्हणून गेलेले फुनाकोशी तेथेच राहिले. पत्नी गावी होती, हाताशी पैसा नव्हता. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या एका वसतिगृहात त्यांनी पडेल ते काम पत्करले. दिवसा झाडलोट, बागकाम आणि पहारा. रात्री कराटेचा वर्ग. जेवणाच्या बिलात सूट मिळावी म्हणून वसतिगृहाच्या आचाऱ्यालाही ते कराटे शिकवीत. एकदा ते अंगण झाडीत असताना एका वार्ताहराने त्यांनाच विचारले, की कराटेचे शिक्षक फुनाकोशी कोठे भेटतील? "एक मिनिट थांबा" असे सांगून ते आत गेले, चांगला पोशाख चढवून बाहेर आले आणि आपली ओळख करून दिली. वार्ताहराचा चेहरा पाहण्यासारखा झाला! हे सारे फुनाकोशींनी आपल्या आत्मकथेत मोकळेपणाने सांगितले आहे. झाडू हातात धरल्याने गुरूचे गुरुपण कमी होत नाही, हे त्यांच्याकडून शिकावे.

काळा पट्टा कोठून आला?

काळा पट्टा मुळात कराटेचा नाहीच. तो ज्युदोतून आला, आणि तोही एका शिक्षणतज्ज्ञाने सुरू केला. जिगोरो कानो हे टोकियोतील शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयाचे अनेक वर्षे प्राचार्य होते. १८८२ मध्ये त्यांनी ज्युदोची शाळा काढली. शाळेत जशा इयत्ता असतात तशा आपल्या विद्येतही असाव्यात, म्हणून १८८३ मध्ये त्यांनी दोन शिष्यांना पहिली 'दान' म्हणजे पहिली पायरी दिली. पुढे १८८६ च्या सुमारास दानधारकांनी काळा पट्टा बांधण्याची रीत पडली. आज दिसणारे पिवळे, हिरवे, निळे पट्टे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी युरोपातल्या ज्युदोवर्गांतून रूढ झाले.

कानोंनी फुनाकोशींना टोकियोत मोठा आधार दिला आणि त्यांचीच पद्धत फुनाकोशींनी उचलली. १० एप्रिल १९२४ रोजी त्यांनी आपल्या सात शिष्यांना कराटेतील पहिल्या दान पदव्या दिल्या. कराटेच्या इतिहासातले हे पहिले काळे पट्टेवाले. त्यांतले हिरोनोरी ओत्सुका यांनी पुढे स्वतःची वाडो-र्‍यू ही शाखा काढली.

पहिल्या दानला 'शोदान' म्हणतात. यातल्या 'शो' या अक्षराचा अर्थ आरंभ. म्हणजे काळा पट्टा हे शिक्षण संपल्याचे प्रमाणपत्र नव्हे. मुळाक्षरे गिरवून झाली, आता पुस्तक उघडायला हरकत नाही, एवढेच तो सांगतो. ओकिनावातील दुसरे थोर गुरू चोजुन मियागी यांनी तर हयातीत एकाही शिष्याला अशी पदवी दिली नाही. १९५३ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या उत्तमोत्तम शिष्यांच्या नावापुढेही काही नव्हते. त्यांच्या विद्येला त्यामुळे कमीपणा आला नाही.

राखेतून पुन्हा

१९४५ च्या वसंतात ओकिनावावर भीषण लढाई झाली. हजारोंच्या संख्येने सामान्य नागरिक मारले गेले. मियागींचे आवडते शिष्य जिनान शिन्झातो हेही तीत गेले. इकडे टोकियोत फुनाकोशींच्या शिष्यांनी वर्गणी काढून उभारलेली शोतोकान ही तालीम बॉम्बवर्षावात जळाली. त्याच वर्षी त्यांचा कर्तबगार मुलगा योशिताकाही आजाराने दगावला. फुनाकोशी त्या वेळी सत्त्याहत्तरीला आले होते.

इमारत गेली तरी शिष्य होते. १९४९ मध्ये त्यांनी जपान कराटे असोसिएशन स्थापन केली आणि १९५६ मध्ये खास प्रशिक्षक तयार करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. चांगला खेळाडू आपोआप चांगला शिक्षक होत नाही, शिकवणे ही वेगळीच विद्या आहे, हे त्यांनी ओळखले होते. या अभ्यासक्रमातून निघालेले हिरोकाझु कानाझावा यांच्यासारखे प्रशिक्षक पुढे देशोदेशी गेले. इतोसुंचे १९०८ चे स्वप्न असे जगभर फळाला आले.

आपल्याकडे १९७३ मध्ये निघालेल्या ब्रूस ली याच्या 'एंटर द ड्रॅगन' या चित्रपटाने तरुणांना वेड लावले. ब्रूस ली कराटेचा माणूस नव्हता, त्याची विद्या चिनी कुंग-फूची. पण मुंबईपुण्याच्या गल्लीबोळांत निघालेल्या वर्गांना त्याचे काय! तरीही गुरूच्या हाताखाली अंग मोडून मेहनत करणे आपल्याला परके नव्हते. कोल्हापूरच्या तालमीतला वस्ताद आणि जपानचा सेन्सेई यांचे नाते जवळचे आहे. वस्ताद हा शब्द फारसीतल्या उस्तादवरून मराठीत आला आणि लाल मातीत रुळला. सेन्सेई म्हणजे आपल्या आधी जन्मलेला, वाटेवर चार पावले पुढे असलेला.

सुवर्णपदकाची रात्र

कराटेत शेवटी कशाची परीक्षा होते, हे ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत जगाने पाहिले. ऑलिंपिकमध्ये कराटेचा समावेश प्रथमच झाला होता. पुरुषांच्या पंचाहत्तर किलोंवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हामेदी इराणच्या सज्जाद गंजजादेविरुद्ध ४-१ असा पुढे होता. त्याची लाथ गंजजादेच्या डोक्यावर इतक्या जोराने बसली की तो बेशुद्ध पडला. पंचांनी हामेदीला बाद केले. सुवर्णपदक स्ट्रेचरवरून नेलेल्या गंजजादेला मिळाले. निर्णयावर पुष्कळ वाद झाला. पण नियम स्पष्ट होता. फटका मारता येणे पुरेसे नाही, तो हवा तेथे थांबवता आला पाहिजे. रागावर ताबा ठेवतो तो खरा बलवान, ही शिकवण आपल्या घरांत मुले लहानपणापासून ऐकतात. तीच तेथे नियमाच्या रूपाने उभी होती.

त्याच दिवशी इजिप्तच्या फेरियाल अब्देलअझीझने महिलांच्या गटात सुवर्णपदक पटकावले. ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी ती इजिप्तची पहिली स्त्री. तिच्या आदल्या दिवशी कात्याच्या स्पर्धेत ओकिनावाचाच र्‍यो कियुना विजयी झाला होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कराटे नव्हते. पण ही विद्या पदकांसाठी जन्मली नव्हती, त्यामुळे तिचे महत्त्व उणावत नाही.

तेव्हा पालकहो, मुलाला किंवा मुलीला वर्गात घालण्यापूर्वी शिक्षकाच्या पट्ट्याचा रंग पाहू नका. तो शिकवताना कसा वागतो ते पाहा. तो मागे पडलेल्या मुलाकडे वळतो का? चुकलेल्याला हिणवतो की पुन्हा करून दाखवतो? पट्टा किती महिन्यांत देणार, हे तो फीबरोबर सांगत असेल, तर तेथून निघून या. मुलींच्या वेळेची, जागेची आणि पोशाखाची सोय आहे का, हेही विचारा. कारण स्वतःच्या पायावर ठाम उभे राहण्याची गरज त्यांनाही तितकीच आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, पट्टा कधी मिळेल हे विचारण्याऐवजी आजचा धडा नीट झाला का, हे विचारा. ज्या दिवशी तुमच्याहून लहान मुलाचा पाय कोठे चुकतो हे तुमच्या लक्षात येईल आणि तो न रागावता तुम्ही सरळ करून द्याल, त्या दिवशी इतोसु आणि फुनाकोशी यांच्या शाळेत तुमचे नाव दाखल झाले असे समजा. कमरेला पट्टा कोणत्याही रंगाचा असो.