एकपात्री प्रयोगातील हास्य आणि शोक : मराठवाड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

मराठी एकपात्री प्रयोगाची मुळे कीर्तन व भारुडात शोधता येतात. पैठणच्या संत एकनाथांची भारुडे सोंगाच्या निमित्ताने हसवीत श्रोत्याला अंतर्मुख करतात. आधुनिक काळात पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर आणली. तिच्या अखेरच्या चिंतनात विनोदाची जागा लोपत चाललेल्या चाळसंस्कृतीविषयीची हुरहुर घेते.

औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील नाट्यशास्त्राचे प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' १९७९ मध्ये रंगभूमीवर आले. खेड्यातील वऱ्हाडाचा लंडनप्रवास ते ५२ व्यक्तिरेखांतून एकटे साकारीत. मात्र अशी कलाकृती नटाच्या देहाशी बांधलेली असते. २००९ मध्ये देशपांडे यांचे निधन झाले, तेव्हा या साऱ्या व्यक्तिरेखांच्या अस्तित्वाचाच प्रश्न निर्माण झाला. पुढे बीड जिल्ह्यातील माजलगावचे अभिनेते संदीप पाठक यांनी हा प्रयोग पुन्हा उभा केला. मराठवाडी बोलीशी असलेले नाते येथे निर्णायक ठरते. कारण या प्रयोगातील व्यक्तिरेखा वेशभूषेपेक्षा बोलीतूनच ओळखू येतात.

मूळ प्रयोग पाहिलेल्या प्रेक्षकाच्या हास्याला आता दिवंगत नटाच्या स्मृतीची किनार आहे. येथे हास्य संहितेतून येते, तर शोक तिच्या प्रयोगेतिहासातून, असे म्हणता येईल.