आतड्यांकडून यकृताकडे: प्रोबायोटिकच्या आशेचा शतकभराचा प्रवास

यकृताच्या पेशींत मेद साचण्याच्या विकाराला आपण फॅटी लिव्हर म्हणतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारत सरकारने या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. आज अनेक रुग्णांच्या औषधांसोबत प्रोबायोटिकची एखादी पुडीही असते. ती तेथवर कशी पोहोचली, हे जाणून घेतल्यास तिच्याकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी, हेही उमगते.

आरंभ दह्यापासून होतो. १९०५ मध्ये स्टॅमेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने आपल्या देशातील दह्यातला जिवाणू ओळखला. आतड्यांत कुजणाऱ्या अन्नातील विषे वार्धक्य ओढवतात आणि दह्यातील जिवाणू त्यांना आवर घालतात, असा सिद्धांत पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ यांनी १९०७ च्या सुमारास मांडला. त्यांचे लक्ष्य दीर्घायुष्य होते. यकृताचा धागा पुढे जुळला.

तो जुळण्यास शरीररचनेचा आधार आहे. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल व्हेन या नीलेतून येते. साहजिकच आतड्यांतील जिवाणूंची द्रव्ये प्रथम यकृतालाच भेटतात. याचा दाखला एका फसलेल्या शस्त्रक्रियेने दिला. लठ्ठपणा घटवण्यासाठी १९६० व १९७० च्या दशकांत लहान आतड्याचा बराचसा भाग अन्नमार्गातून वगळला जाई. काही रुग्णांचे वजन उतरले, पण यकृत मेदाने भरले. वगळलेल्या भागात जिवाणू बेसुमार वाढत होते. मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाने यकृतातील हा मेद रोखता व उतरवता येतो, असे १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याआधी, १९८० मध्ये, मेयो क्लिनिकच्या युर्गन लुडविग यांनी २० रुग्णांच्या अभ्यासावरून मद्यपानाशी संबंध नसलेल्या यकृतदाहाला ‘नॅश’ हे नाव दिले. २००३ मध्ये लठ्ठ उंदरांना जिवाणूंचे मिश्रण दिल्यावर त्यांच्या यकृतातील मेद घटला. आशा बळावली.

माणसांवरील चाचण्यांनी मात्र संमिश्र उत्तर दिले. चंडीगढच्या पीजीआय संस्थेने सिरॉसिसच्या १३० रुग्णांवर केलेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिने प्रोबायोटिक घेणाऱ्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण कमी आढळले. परंतु सिरॉसिस ही यकृतविकाराची अखेरची पायरी आहे; तेथील लाभ आधीच्या पायरीवर गृहीत धरता येत नाही. साउदॅम्प्टन येथील चाचणीत फॅटी लिव्हरच्या १०४ रुग्णांपैकी काहींना जिवाणू व त्यांना पोसणारे तंतुमय द्रव्य सुमारे वर्षभर दिले गेले. २०२० मध्ये निष्कर्ष आला: आतड्यांतील जिवाणूसृष्टी बदलली, यकृतातील मेद मात्र औषधविरहित पुडी घेणाऱ्यांच्या तुलनेत घटला नाही.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा धडा परिचित असतो: साखळीची पहिली कडी हलली, एवढ्यावरून शेवटची हलली असे मानता येत नाही; ती स्वतंत्रपणे मोजावी लागते. काही लहान चाचण्यांत यकृताच्या विकरांचे रक्तातील प्रमाण उतरले आहे. पण विकर उतरणे म्हणजे यकृतातील तंतुमय व्रण मिटणे नव्हे.

दरम्यान औषधे पुढे सरकली. मार्च २०२० मध्ये भारताने सिरॉसिस नसलेल्या ‘नॅश’साठी सॅरोग्लिटाझारला मान्यता दिली, मार्च २०२४ मध्ये अमेरिकेने रेस्मेटिरॉमला. लठ्ठ रुग्णाने वजन सात ते दहा टक्के घटवल्यास यकृताचा दाह ओसरू शकतो, हाही भक्कम पुरावा असलेला उपाय आहे. प्रोबायोटिकचे स्थान आज या उपायांच्या शेजारी, साहाय्यकाचे आहे. त्याच्या भरवशावर औषध किंवा व्यायाम सोडणाऱ्या रुग्णाचा विकार लक्षणांवाचून वाढत राहतो. धोका तेथेच आहे.

म्हणून पुडीवरील दावा वाचताना तीन प्रश्न विचारावेत. जिवाणूचा वाण कोणता? मात्रा किती? आणि चाचणीत मोजले काय: आतडे, रक्त की यकृत?