मैल्याच्या खताची कुळकथा

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. खताचं मात्र जरूर शोधावं.

सोनखत आपल्याला नवं नाही. पण शहराचं मैलापाणी शुद्ध करून उरलेल्या गाळाचं, पोत्यात भरून विकलं जाणारं खत गेल्या शतकातलं. त्याचं मूळ मँचेस्टरला. १९१४ मध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी दाखवून दिलं, की मैलापाण्यात हवा सोडत राहिलं आणि तळाचा गाळ पुन्हा त्यातच फिरवला, तर गाळातले जिवाणू घाणीचा झपाट्याने फडशा पाडतात. (त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत आले.) पाणी निवळलं, गाळ मात्र वाढत गेला. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराने १९२६ पासून तो वाळवून ‘मिलॉर्गनाइट’ नावाने विकायला काढला. गोल्फच्या मैदानांनी तो उचलून धरला.

यात खोट नव्हती. आज या खतात ज्यांची धास्ती वाटते, ती ‘पीएफएएस’ घराण्यातली, फ्लोरिन असलेली टिकाऊ रसायनं तेव्हा बाजारात नव्हतीच. त्यातलं टेफ्लॉन सापडलं १९३८ मध्ये, तेही अपघाताने. पुढे ही रसायनं तव्यांवर, रेनकोटांवर, खाऊच्या कागदांवर, आग विझवण्याच्या फेसात गेली आणि तिथून गटारात. त्यांच्यातला कार्बन-फ्लोरिनचा बंध जिवाणूंना सहसा तुटत नाही. त्यामुळे शुद्धीकरणातून ती बहुतांशी तशीच पार होतात; काही पाण्याबरोबर जातात, काही गाळात बसतात.

१९९२ मध्ये अमेरिकेत गाळ समुद्रात टाकणं थांबलं आणि शेतांकडचा ओघ वाढला. १९९३ च्या नियमांनी शिसं, कॅडमियम, पारा अशा धातूंना आणि रोगजंतूंना मर्यादा घातल्या. पीएफएएसचा त्यात उल्लेखही नाही. १९२६ ची अनभिज्ञता समजण्यासारखी आहे. पण ही रसायनं जवळपास अर्धशतक वापरात असताना केलेल्या यादीत ती नसावीत, ही हयगयच.

बिल मात्र तिसऱ्याच्याच, शेतकऱ्याच्या नावावर फाटलं. मेन राज्यातल्या अरंडेल गावी शासनाच्या परवानगीने शेतात गाळ पसरलेल्या एका गोठ्याच्या दुधात २०१६ मध्ये ही रसायनं निघाली: मातीतून चाऱ्यात, चाऱ्यातून गाईत. २०२२ मध्ये मेनने असा गाळ शेतात टाकण्यावर बंदी घातली, असं करणारं ते पहिलं राज्य.

बंदीपेक्षा मला मिशिगनची वाट पटते. त्या राज्यात २०१८ पासून सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांना आपापल्या हद्दीतले पीएफएएस सोडणारे कारखाने हुडकायला लावलं. क्रोम प्लेटिंगवाल्यांनी कार्बनच्या गाळण्या बसवल्या, आणि केंद्रात येणारं रसायन झपाट्याने घटलं.