चैत्याची खिडकी आणि सुताराचं नाव

मळवली स्टेशनला उतरून भाज्याच्या पायऱ्या चढून गेलं, की ते प्रचंड कमानीचं तोंड समोर येतं. बरोबरच्या मंडळीत कुणीतरी हमखास विचारतं, "याला दार नव्हतं का हो?" प्रश्न भाबडा नाही. दार होतं, आणि दारावर भलीमोठी खिडकीही होती. दोन्ही लाकडाची, म्हणून आज नाहीत. खडकात खोदलेल्या चौकोनी खाचा नीट पाहिल्या म्हणजे चौकट कुठं कशी बसवली होती त्याचा अंदाज येतो.

या खिडकीला आपण चैत्यगवाक्ष म्हणतो. कुणी पिंपळपानी कमान म्हणतात, कुणी घोड्याच्या नालेची उपमा देतात. मूळ आकार आला तो लाकडी घरांच्या छपरावरून, वाकवलेल्या वाशांच्या टोकावरून. बिहारातल्या बराबर टेकडीवर लोमश ऋषी नावाची मौर्यकाळातली गुंफा आहे, तिच्या दारावर ही कमान दगडात कोरलेली आहे. पुढे ती सह्याद्रीत आली आणि इथं तिचं काम वाढलं. लेण्याच्या तीन बाजूंना डोंगर, उजेडाला वाट एकच. त्या एका वाटेनं आत येणारा प्रकाश स्तूपावर पडायचा आणि खांबांमागचे बाजूचे मार्ग अंधारात राहायचे. ती खिडकी लहान-मोठी केली असती तर सगळं लेणंच वेगळं झालं असतं.

हे अनुभवायचं असेल तर कार्ल्याला दुपार कलल्यावर जावं. लेणं पश्चिमाभिमुख आहे. चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद, उंचीही जवळजवळ तितकीच, आणि खांब ३७. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीनं हे शैलगृह पूर्ण केलं, असं तिथला लेखच सांगतो. पण सांगायची गोष्ट वेगळीच आहे. दारांवरच्या कमानीत लाकडी फासळ्या आजही आहेत. बाहेरचं झगझगीत ऊन त्या फासळ्यांत अडतं, चिरलं जातं आणि आत मऊ होऊन उतरतं. छताच्या फासळ्याही सागवानी आहेत. दोन हजार वर्षं सागवान टिकलं, यावर पाहुण्यांचा विश्वास बसत नाही!

भाज्याची खिडकी गेली आणि कार्ल्याची राहिली, असं का? माझ्या मते कारण पावसाचं आहे. दोन्ही लेण्यांची तोंडं पश्चिमेला, म्हणजे मावळातल्या पावसाचा मारा समोरून. कार्ल्याला पुढं ओसरी आणि तिच्यापुढं दगडी भिंत राखलेली आहे, तिनं झड अडवली. भाज्याला तसा आडोसा नाही. तिथंही आतल्या छताचं लाकूड मात्र टिकलं. त्या लाकडावर ब्राह्मी अक्षरं सापडली, ती पुराणवस्तुज्ञ म. न. देशपांडे यांनी उजेडात आणली. लाकूड कोरडं असावं, त्याला वारा लागावा, त्यात पाणी मुरू नये, एवढं जमलं तर सागवान माणसाच्या शंभर पिढ्या बघतं.

कार्ल्याच्या लेखांत आणखी एक ओळ माझ्या फार आवडीची आहे. धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार, त्यानं 'घरमुख' केलं, असं तिथं कोरलेलं आहे. त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या गांध्यानं, म्हणजे अत्तरं-सुगंधी विकणाऱ्यानं, घरमुखाचं दान दिलं. राजाच्या आणि श्रेष्ठीच्या बरोबरीनं सुताराचं नाव दगडावर! आपल्या माणसांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

निगा राखण्याच्या नावाखाली काय होतं तेही पाहा. बेडशाची लेणी एकोणिसाव्या शतकात साहेब लोक पाहायला येणार म्हणून तिथल्या अधिकाऱ्यांनी रंगवून काढली. हेतू वाईट नव्हता. साफसूफ दिसावं एवढंच. पण त्या भरात भिंतीवरच्या जुन्या चित्रांचे अवशेष गिलाव्यासकट गेले. अजिंठ्याचा प्रश्न याच्या उलटा. तिथं चित्रांना उजेडच बाधतो आणि वटवाघळं घाण करतात. म्हणून चित्रांच्या लेण्यांना जाळीची दारं बसवली, आत दिवे मंद ठेवले. मूळच्या रूपात फरक पडला, हे खरं. तरी तो फरक मला पटतो, कारण तो करताना आत काय जपायचं आहे ते आधी ठरवलं होतं. शिवाय जाळी उद्या काढता येते. बेडशाचा गिलावा परत लावता येत नाही.

आता हे सगळं वर्धापनदिनाच्या अंकात कशाला, असं कुणी म्हणेल. आपल्या गावोगावच्या विहारांच्या दर्शनी भागावर हीच कमान सिमेंटमध्ये उभी आहे, आपल्याही आहे. तिच्यातली सागवानी चौकट त्या वेळी लोकांनी मजुरीतला पैसा-पैसा वर्गणी देऊन बसवली. गेल्या बैठकीत ठराव आला, की ती काढून काळ्या काचेचं ॲल्युमिनियमचं सरकतं तावदान बसवावं, म्हणजे धूळ येणार नाही आणि पुढंमागं एसी लावता येईल. तरुण मंडळींचा उत्साह मला समजतो. धुळीचा त्रास खोटा नाही, झाडणारी माणसं कंटाळतात.

पण मी एका जुन्या सुताराला आणून चौकट दाखवली. त्यानं पटाशीचं टोक लावून सगळीकडं टोचून पाहिलं. उभे गज ठणठणीत निघाले. कुजली आहे ती फक्त खालची आडवी पट्टी, तीही एका कोपऱ्यात. कारण तिथं कुणीतरी सिमेंट भरून पाणी बाहेर जायची वाटच बंद केली आहे. त्याचं म्हणणं, सिमेंट फोडा, कुजका तुकडा कापून सागाचाच नवा तुकडा जोडा, थरावर थर बसलेला ऑइलपेंट खरवडा आणि जवसाच्या तेलाचे दोन हात द्या. धुळीसाठी आतून बारीक जाळीची वेगळी झडप करा, बिजागरीवर, म्हणजे धुवायला काढता येईल. एसीचं काय ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्याचा खर्चाचा कागद मी चिटणिसांकडं दिला आहे. वर्षावास सुरू व्हायच्या आत बैठक आहे. उपासक-उपासिकांनी यावं, आणि येताना एकदा संध्याकाळी पाचच्या सुमारास आत बसून त्या कमानीतून ऊन बुद्धमूर्तीवर कसं येतं ते पाहून यावं.